आई-बाबा अमेरिकेला निघाले: विमा घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कुणाचा?

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की मला फोन सुरू होतात. "अरे, आई-बाबांची तिकिटं झाली, परवा विमान आहे, विमा कुठला घेऊ?" मी विचारतो, गोळ्या कुठल्या चालू आहेत? पलीकडे शांतता. मग, "बाबांना विचारून सांगतो, पण ही साइट एक प्लॅन स्वस्तात दाखवतेय, हा घेऊ ना?"

चूक इथेच होते. माणसं आधी किंमत बघतात, मग कंपनी, आणि आजारपणाचा विचार आजारी पडल्यावर. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. किंमत मुद्दाम शेवटी ठेवली आहे. लेख व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे बी-२ वर, मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला येणाऱ्या आई-बाबांसाठी आहे. ग्रीन कार्डवर येणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, ते इथे लावू नका.

## १. आधी गोळ्यांचा डबा उघडा

निघायच्या महिनाभर आधी एक संध्याकाळ काढा. व्हिडिओ कॉलवर गोळ्यांचा डबा समोर घ्यायला सांगा आणि एकेक पट्टी कॅमेऱ्याला धरायला लावा. ब्रँडचं नाव लिहू नका, खाली बारीक अक्षरात असलेलं औषधाचं नाव लिहा: अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, थायरॉक्झिन, जे असेल ते. शेजारी डोस, आणि कधीपासून चालू आहे.

तोंडी विचारलंत तर हमखास उत्तर येतं, "मला बीपी नाही." गोळी घेता ना? "हो, म्हणूनच तर नाही." बाबांच्या दृष्टीने ते खरं बोलत असतात, पण विमा कंपनीच्या दृष्टीने हा बीपीचा रुग्ण. भारतातल्या पॉलिसीच्या फॉर्मवर आजारांचे प्रश्न असतात. तिथे असं 'नाही' लिहिलं गेलं, तर क्लेमच्या वेळी तेवढ्यावरून पैसे नाकारता येतात.

त्याच कागदावर आणखी चार गोष्टी उतरवा:

- आजवरची ऑपरेशनं, स्टेंट, पेसमेकर, हॉस्पिटलात काढलेले दिवस आणि त्यांची वर्षं
- गेल्या सहा महिन्यांत कुठली गोळी बदलली किंवा डोस वाढवला का
- डॉक्टरांनी सांगितलेली पण अजून न केलेली तपासणी किंवा ऑपरेशन
- पासपोर्टवरची जन्मतारीख (आपल्याकडे शाळेतली तारीख आणि खरी तारीख वेगळ्या असतात, पॉलिसीवर पासपोर्टचीच हवी)

तपासा: हा कागद फॅमिली डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह घेतलात का? याचा उपयोग अगदी शेवटी होतो.

मोतीबिंदू, दातांचं रूट कॅनल, रखडलेली अँजिओग्राफी असं काही अर्धवट असेल, तर ते इथेच उरकून निघा. "तिकडे जाऊन बघू" हे अमेरिकेच्या बाबतीत कधीही म्हणू नये.

## २. घ्यायचाच का? प्रामाणिक उत्तर काढा

बी-२ व्हिसासाठी विम्याची सक्ती नाही. व्हिसाच्या मुलाखतीला किंवा विमानतळावरच्या इमिग्रेशनला पॉलिसी लागते असं कुणी सांगत असेल, तर तो शेंगेनचा नियम अमेरिकेला जोडतोय. युरोपात शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. जाता-येता पॅरिसला किंवा स्वित्झर्लंडला चार दिवस उतरणार असाल, तर तेवढ्यापुरता तो विमा वेगळा बघा.

सक्ती नाही म्हटल्यावर ठरवायचं आपल्याला. घरात आधीपासून काय आहे ते तपासा:

- भारतातला मेडिक्लेम: साधारणपणे भारतातल्याच उपचारांपुरता असतो. परदेशाचं कलम स्वतंत्र लिहिलेलं नसेल, तर नाही असंच धरा.
- मुलाच्या नोकरीचा विमा: जोडीदार आणि मुलं बसतात. आई-वडील सहसा बसत नाहीत. एचआरला एक ईमेल टाकून खात्री करा.
- मेडिकेअर (अमेरिकी सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा): ६५ वय झालं म्हणून पाहुण्यांना मिळत नाही.
- क्रेडिट कार्डावरचा विमा: बहुतेक वेळा विमान अपघात, हरवलेली बॅग यांच्यापुरता. आजारपण त्यात शोधावं लागतं आणि बहुधा सापडत नाही.

"इमर्जन्सीत तिथे कुणाला परत पाठवत नाहीत" हेही कुणीतरी सांगतंच. ते बरोबर आहे. १९८६ च्या कायद्याप्रमाणे मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला रुग्ण तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, खिशात पैसे असोत-नसोत. पण कायदा उपचाराची हमी देतो, बिल माफ करत नाही. बिल घरी येतं.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा. उद्या ४०-५० हजार डॉलरचं बिल आलं, तर ते कोण भरणार? बाबांची पेन्शन, मुलाची बचत, की सांगलीतली जमीन? या प्रश्नाला घरात शांतपणे उत्तर देता येत असेल, तर विमा नाही घेतलात तरी चालेल. मला भेटलेल्यांपैकी बहुतेकांना ते देता आलं नाही, मलाही नाही.

उलट बाजूही सांगतो. विमा घेतला म्हणजे शुगरची नेहमीची तपासणी, गुडघेदुखी, संपलेल्या गोळ्या, चष्मा, दात हे सगळं त्यात होईल, अशी अपेक्षा असेल तर पैसे वाया जातील. असा प्लॅन पाहुण्यांसाठी जवळपास नसतोच. विमा घ्यायचा तो पडणं, हाड मोडणं, न्यूमोनिया, अपेंडिक्स, झटका अशा अचानक कोसळणाऱ्या गोष्टींसाठी.

सावधान: वय ७० आणि ८० ओलांडताना मिळणारी कमाल रक्कम घटते आणि हप्ता चढतो. ८० च्या पुढे ती रक्कम इतकी खाली येते की सहा महिन्यांऐवजी दोन महिनेच राहावं का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

## ३. प्रकार ठरवा: ठरीव रक्कम की सर्वसमावेशक

स्वस्त प्लॅन स्वस्त का असतो, ते इथे कळतं. पाहुण्यांचे अमेरिकी प्लॅन मुख्यतः दोन जातींचे. एकाला फिक्स्ड बेनिफिट म्हणतात: प्रत्येक सेवेला ठरीव रक्कम, बिल कितीही होवो. दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह: तुमचा वाटा भरलात की उरलेलं कंपनी कमाल मर्यादेपर्यंत देते.

मांडून बघू. समजा न्यूमोनियामुळे तीन दिवस हॉस्पिटलात काढावे लागले आणि बिल ४०,००० डॉलर झालं. दोन्ही प्लॅनवर 'एक लाख डॉलर' असंच लिहिलेलं आहे.

कॉम्प्रिहेन्सिव्ह: डिडक्टिबल, म्हणजे आधी तुम्ही भरायची रक्कम, २५०. पुढच्या ५,००० डॉलरचे २० टक्के, म्हणजे १,०००, तुमचे. बाकी कंपनीचं. तुमच्या खिशातून गेले १,२५०.

फिक्स्ड: हॉस्पिटलचे दिवसाला १,८०० प्रमाणे ५,४००. इमर्जन्सीचे ४००. डॉक्टरच्या तीन भेटींचे ६० प्रमाणे १८०. तपासण्यांचे ५००. झाले ६,४८०. त्यातून १०० डिडक्टिबल वजा, हातात ६,३८०. तुमच्या खिशातून ३३,६२०.

आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येक प्लॅनचे वेगळे असतील. पण अंतर या जातीचंच पडतं. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी फिक्स्ड घेतला होता, महिन्याला बरेच डॉलर वाचतात म्हणून. जानेवारीत दारातल्या पायरीवर बर्फ गोठलेला, आई तुळशीची कुंडी आत घ्यायला गेली आणि घसरली. मनगट मोडलं. बिलं वेगवेगळ्या पाकिटांतून आली: हॉस्पिटलचं एक, इमर्जन्सीच्या डॉक्टरचं दुसरं, एक्स-रे वाचणाऱ्याचं तिसरं. अ‍ॅम्ब्युलन्सचं सगळ्यात शेवटी, आई मिरजेला पोचून महिना झाल्यावर. कंपनीने ठरल्याप्रमाणे अगदी वेळेत पैसे दिले. ठरलंच थोडं होतं, तर तिला दोष कसा देणार?

तपासा: प्लॅनच्या माहितीत 'दिवसाला', 'प्रत्येक भेटीला', 'प्रत्येक तपासणीला' असे आकड्यांचे तक्ते दिसले, तर तो फिक्स्ड आहे, नाव कितीही भारदस्त असो.

## ४. भारतातून घ्यायचा की अमेरिकेतला

भारतातली पॉलिसी रुपयांत, ओळखीच्या नावाची, बहुधा स्वस्त. सामान हरवणं, विमान चुकणं हेही त्यात असतं. पण ती साधारणपणे भारत सोडण्याआधीच घ्यावी लागते, आणि काही कंपन्या ज्येष्ठांकडून वैद्यकीय तपासण्या मागतात. मुख्य अडचण सब-लिमिटची. साठीनंतरच्या बऱ्याच भारतीय प्लॅनमध्ये खोलीभाडं, आयसीयू, सर्जनची फी, अ‍ॅनेस्थेशिया अशा प्रत्येक बाबीला आत वेगळी मर्यादा असते. म्हणजे बाहेरून कॉम्प्रिहेन्सिव्ह, आतून फिक्स्ड. 'सब-लिमिट नसलेला पर्याय द्या' असं स्पष्ट मागा. काही कंपन्यांकडे तो जास्त हप्त्यात असतो.

अमेरिकी प्लॅन डॉलरमध्ये, मुलगा तिथूनच ऑनलाइन घेऊ शकतो. तिथल्या हॉस्पिटलांच्या नेटवर्कशी तो जोडलेला असल्याने बिल थेट कंपनीकडे जाण्याची शक्यता जास्त. आई-बाबा पोचल्यावरही घेता येतो. मात्र विमानात सुरू झालेला ताप त्यात बसणार नाही.

माझं मत विचाराल तर वय साठीच्या पुढे, मुक्काम दोन महिन्यांहून जास्त, तर अमेरिकी कॉम्प्रिहेन्सिव्ह. दोन-तीन आठवड्यांची सहल असेल आणि वय कमी असेल, तर भारतातली पॉलिसी पुरते.

## ५. पॉलिसीचे शब्द वाचा, जाहिरातपत्रक नव्हे

ब्रोशर बाजूला ठेवा. पॉलिसी वर्डिंग किंवा सर्टिफिकेट या नावाची चाळीस-पन्नास पानी पीडीएफ मागा. पूर्ण वाचायची गरज नाही, पाच जागा शोधा.

पहिली: आधीचे आजार. इथेच सगळ्यात जास्त माणसं फसतात. बऱ्याच अमेरिकी प्लॅनवर 'अ‍ॅक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एग्झिस्टिंग कंडिशन्स' असे शब्द असतात. घाईत वाचणाऱ्याला वाटतं, आधीचे आजार धरलेत. अर्थ फार अरुंद आहे: आधीचा आजार अचानक, कुठलीही पूर्वसूचना न देता उसळला, तातडीच्या उपचाराची गरज पडली, आणि तुम्ही ठरावीक वेळात, बहुधा २४ तासांत, डॉक्टरकडे गेलात, तर. बीपी असलेल्या माणसाला एकाएकी पक्षाघाताचा झटका आला, तर यात बसण्याची शक्यता आहे. मधुमेह हळूहळू वाढत गेला, पायाची जखम चिघळत गेली, तर नाही. प्रकृती स्थिर झाली की हा लाभही तिथेच थांबतो. पुढची फिजिओथेरपी, पुढच्या भेटी तुमच्या.

याला वयाची अट असते आणि वेगळी, कमी मर्यादाही असते. वरची रक्कम लाखाची, आणि या कलमाखाली त्याचा थोडासा भाग, असं सर्रास असतं. म्हणून टप्पा १ चा कागद इथे समोर ठेवा आणि प्रत्येक गोळीपुढे लिहा: हा आजार या कलमात कधी बसेल? डोस अलीकडे बदलला असेल, तर त्याने लाभ जातो का, तेही बघा.

दुसरी: डिडक्टिबल दर आजाराला आहे की पूर्ण मुदतीत एकदाच. मुदतीत एकदाच असेल तो बरा.

तिसरी: इमर्जन्सी रूमचा जादा आकार. काही प्लॅनमध्ये इमर्जन्सीत जाऊन दाखल न होता परत आलात, तर वेगळी रक्कम भरावी लागते.

चौथी: दाखल होताना आधी कळवण्याची अट. याला प्री-सर्टिफिकेशन म्हणतात. तातडीच्या वेळी दाखल झाल्यावर ठरावीक तासांत फोन करावा लागतो. तो केला नाही, तर काही कंपन्या देय रक्कम कापतात.

पाचवी: मृतदेह मायदेशी नेण्याचा खर्च. बोलायला जड वाटतं, वाचायलाही. पण हे कलम असावं, आणि त्याची व्यवस्था कंपनीमार्फतच करावी लागते का, ते बघावं.

तपासा: या पाचही जागांचे पान क्रमांक तुमच्याकडे लिहिलेले आहेत का? एजंट तोंडी म्हणाला, "होतं हो सगळं", तर म्हणा, पान नंबर ईमेलवर पाठवा.

## ६. आता कंपनी पारखा

पॉलिसीमागे तीन वेगळी माणसं असू शकतात: विकणारी वेबसाइट किंवा एजंट, क्लेम हाताळणारी संस्था, आणि प्रत्यक्ष पैसे देणारी विमा कंपनी. आपण ज्या नावावर भुलतो, ते बहुतेकदा पहिलं असतं. तिसरं नाव शोधा. अमेरिकी असेल तर तिची ए. एम. बेस्ट या संस्थेची आर्थिक श्रेणी बघा. भारतीय असेल तर आयआरडीएआयच्या, म्हणजे भारतातल्या विमा नियामक संस्थेच्या, नोंदणीकृत यादीत आहे का ते बघा. यात एक फायदा आहे: भारतीय कंपनीशी वाद झाला आणि तिच्या तक्रार विभागाने दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत.

मग दोन फोन करा. पहिला क्लेमच्या नंबरवर, भारतीय वेळेच्या रात्री. माणूस किती वेळाने उचलतो, हिंदीत बोलणारा मिळतो का, बघा. दुसरा फोन मुलाच्या घराजवळच्या हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला: "अमुक नेटवर्कचा पाहुण्यांचा विमा तुम्ही घेता का? बिल थेट कंपनीला पाठवता का?" विमा कंपनीच्या साइटवरच्या यादीपेक्षा हे उत्तर महत्त्वाचं.

इतकं झाल्यावर, आणि आताच, किंमत बघा. बहुधा दोन-तीनच प्लॅन उरलेले असतात. मग हवं तर डिडक्टिबल वाढवून हप्ता कमी करा, कमाल मर्यादा मात्र कमी करू नका. लहान बिल आपण भरू शकतो. विमा मोठ्या बिलासाठीच घेतोय.

## ७. खरेदी करताना

सुरुवातीची तारीख विमान सुटण्याच्या दिवसाची घ्या. शेवटची तारीख परतीच्या तिकिटानंतर दोन-चार दिवस पुढे. नाव पासपोर्टप्रमाणे. पत्ता आणि फोन मुलाचा, कारण बिलं तिथेच येणार. आई आणि बाबांच्या पॉलिसी वेगळ्या घेतल्या तरी चालतात: आईची तब्येत ठणठणीत आणि बाबांना स्टेंट असेल, तर एकच प्लॅन दोघांना बसत नाही.

सावधान: "आधी तीन महिन्यांचा घेऊ, मग बघू" असं ठरवलंत, तर ती पॉलिसी वाढवता येते का हे आधी विचारा, आणि मुदत संपण्याआधी वाढवा. खंड पडून नवी पॉलिसी घेतलीत, तर पहिल्या तीन महिन्यांत झालेला आजार नव्या पॉलिसीत 'आधीचा आजार' ठरतो.

## ८. निघताना, आणि वेळ आलीच तर

हातातल्या बॅगेत: पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या मूळ पट्ट्यांमध्ये, प्रिस्क्रिप्शन, डॉक्टरांचं पत्र, विम्याचं कार्ड छापून. बाबांच्या पाकिटात आणि आईच्या पर्समध्ये एकेक प्रत. मुलगा ऑफिसात असताना घरी दोघंच असतात, म्हणून ९११ हा तिथला आणीबाणीचा नंबर कसा लावायचा आणि घराचा पत्ता इंग्रजीत कसा सांगायचा, हे फ्रिजवर चिकटवा. मराठी अक्षरांत लिहिलंत तरी हरकत नाही.

ताप, खोकला, मुरगळलेला पाय यासाठी अर्जंट केअर क्लिनिक. इमर्जन्सी रूमच्या मानाने बिल बरंच कमी होतं. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं, श्वास लागणं यासाठी थेट ९११, विम्याचा विचार नंतर.

हॉस्पिटलात गेल्यावर कार्ड द्या आणि त्याच दिवशी कंपनीला फोन करा. बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि मिळालेला संदर्भ क्रमांक वहीत लिहा. पहिलं बिल आलं की घाबरून क्रेडिट कार्ड काढू नका. आधी बाबवार तपशील असलेलं बिल मागा, ते कंपनीकडे गेलंय का विचारा, आणि कंपनीचा हिशेबाचा कागद आल्यावर तुमचा वाटा भरा. क्लेम फॉर्म भरायला मुदत असते, ती कॅलेंडरवर टाका.

काही आठवड्यांनी बहुधा एक पत्र येतं: रुग्णाचे आधीचे वैद्यकीय कागद पाठवा. आजार जुना होता का, हे कंपनीला बघायचं असतं. आई-बाबा तेव्हा परत गेलेले असतात, कागद माळ्यावर असतात, आणि मुदत उलटत असते. टप्पा १ मध्ये डॉक्टरांकडून घेतलेलं सही-शिक्क्याचं पत्र तेव्हा काढायचं. ते स्कॅन करून आत्ताच मुलाच्या ईमेलवर पाठवून ठेवा.